दहा सीसीची सिरिंज आणि आंबेमोहोराची पिशवी

आपल्या तालुक्यातल्या ज्या डॉक्टरांचा नूतनीकरणाचा फॉर्म अजून टेबलाच्या खणात पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझाही दीड महिना तसाच पडून होता. फॉर्म नेहमीचाच, पण या खेपेला त्याला नवीन शेपूट फुटलं होतं: उजळणी वर्गाला हजर राहिल्याचा दाखला जोडा, नाहीतर नोंदणी पुढे चालू राहणार नाही. मी वाचलं आणि थक्कच झालो. अहो, अठरा वर्षं मी या डोंगरात प्रॅक्टिस करतोय. साप चावलेला, बैलाने मारलेला, अडलेली बाळंतीण, सगळं या दोन हातांनी निस्तरलंय. आणि आता मला शाळेत बसवणार?

"जा की. दोन दिवस तुम्हालाही बदल आणि मलाही," मालती म्हणाली. मालती म्हणजे आमची सौभाग्यवती.

वर्ग डोंबिवलीला होता, शनिवारी. फॉर्म सोमवारी ठाण्यात, तिथल्या डॉक्टर मंडळींच्या संघटनेकडे जमा करायचा होता. मधल्या रविवारी काय करायचं, हा प्रश्न रखमाआजीने सोडवला. बौद्धवाडीतली ही म्हातारी पाच किलो आंबेमोहोराची पिशवी घेऊन दवाखान्यात आली. "ठाण्याला चाललाय ना? आमच्या सुलाला द्या. कोलशेतला राहती. भीमा गेल्यापासनं गावाकडं फिरकली न्हाई."

भीमा म्हणजे आजीचा मुलगा भीमराव, सुला त्याची बायको. कोलशेतच्या एका कारखान्यात कामाला होता. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात काविळीने गेला. मी पिशवी ठेवून घेतली.

शुक्रवार, कल्याण आणि डोंबिवली

माळशेज उतरून एसटी कल्याणला पोचेपर्यंतचं सांगत बसत नाही. आपण सगळे त्याच गाडीने जातो. फक्त टोकावड्याला चहा प्यायला उतरलो आणि परत येऊन बघतो तर माझ्या जागेवर एक बाई मुलासकट बसलेली, आणि ते मूल माझ्या तांदळाच्या पिशवीवर. पिशवी कोरडी राहिली, हे माझं नशीब.

डोंबिवलीला माझा वर्गमित्र सुधाकर राहतो. त्याच्या घराकडे जाताना मी पाट्या मोजायला लागलो आणि सोडून दिलं. एका इमारतीत चार डॉक्टर! खाली कानाचा, वर दातांचा, त्याच्यावर लहान मुलांचा, आणि जिन्याखालच्या खोलीत कंबरदुखीचा. आपल्याकडे चार गावांत मिळून मी एकटा. हे सगळे खातात काय, हेच मला कळेना.

संध्याकाळी सुधाकरच्या दवाखान्यात बसलो. तिथे एक बाई आल्या. बँकेतल्या असाव्यात. सुधाकर म्हणाला, "एक इंजेक्शन देतो." तर बाई म्हणतात, "कशाचं, डॉक्टर? आणि नवीन आहे ना, पाकिटातलं? माझ्यासमोर फोडा."

माझं तोंड उघडंच राहिलं. सुधाकरने मुकाट्याने पाकीट फोडून दाखवलं.

"हे काय रे! पेशंट तुला शिकवणार?" बाई गेल्यावर मी म्हणालो.

"इथे सगळे विचारतात. नाही सांगितलं तर समोरच्या इमारतीत जातात."

"माझ्याकडे कोणी असं विचारलं तर हाकलून देईन. आमच्याकडे पेशंट आत येतो, बाही वर सरकवतो आणि तोंड फिरवून बसतो. कशाचं इंजेक्शन, हा प्रश्न अठरा वर्षांत ऐकला नाही मी."

हे मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. शिवाय हेही सांगितलं, की घरचा आणि बाहेरचा असा भेद मी करत नाही. बायकोला ताप आला तरी तिला त्याच ट्रेमधली सुई टोचतो. सुधाकर हसला आणि म्हणाला, "बरं बाबा, जेवायला चल."

शनिवार, डोंबिवली

वर्ग एका मंगल कार्यालयात होता. आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची तोरणं तशीच होती आणि नवरा-नवरीच्या खुर्च्यांवर त्या दिवशीचे वक्ते बसले होते. दारात एका औषध कंपनीचा टायवाला माणूस प्रत्येकाला बॅग, पेन आणि गुलाबाचं फूल देत होता. शेजारी सहीचं रजिस्टर. मी सही केली, तर त्याने लगेच छापील दाखला माझ्या हातात ठेवला. त्यावर लिहिलेलं, की यांनी दिवसभर उपस्थित राहून लाभ घेतला. सकाळचे साडेनऊ वाजले होते!

"अहो, अजून लाभ घ्यायचाय," मी म्हणालो.

"सर, संध्याकाळी गर्दी होते ना," तो म्हणाला.

निम्मी मंडळी तो दाखला घेऊन, उपमा खाऊन पसार झाली. मला खरंच धक्का बसला. गावाकडे ग्रामसभेच्या वहीवर असले अंगठे उठवतात म्हणून मी ग्रामसेवकाला चारचौघांत झापलं होतं.

सकाळची दोन भाषणं रक्तदाबावर झाली. पडद्यावर इतक्या वेगाने चित्रं सरकत होती, की मी वहीत नुसते मथळे उतरवत राहिलो. दुपारचं जेवण मात्र दणदणीत होतं. पनीर, पुलाव, अननस घातलेलं कसलंसं गोड सॅलड. आपल्याकडे मेल्या माणसाच्या तेराव्यालासुद्धा जेवणात अननस घालत नाहीत! जेवण झाल्यावर सुधाकर म्हणाला, "चल, दाखला मिळालाय. आता त्या सिस्टरचं भाषण आहे. सुया उकळायच्या कशा, ते सांगणार. तुला-मला काय करायचंय?"

मी निघालोही असतो. पण आइस्क्रीम सिस्टरच्या भाषणानंतर ठेवलं होतं, लोकांनी थांबावं म्हणून. मला आइस्क्रीम आवडतं. गावाला मिळत नाही. म्हणून मी थांबलो, हे खरं कारण आहे आणि ते मी लपवत नाही.

सिस्टर भोईर ठाण्याच्या खाडीकाठच्या. बांध्याने मजबूत, केसांत अबोलीचा गजरा. कुठल्याशा रक्तपेढीत पंचवीस वर्षं काम केलेल्या. पडदा नाही, चित्रं नाहीत. टेबलावर दोन काचेचे ग्लास, शाईची दौत, एक काचेची दहा सीसीची सिरिंज आणि थोड्या सुया.

"दहा सीसी भरायची, पाच जणांना दोन-दोन टोचायची. किती जण करता? खरं सांगा हां," त्या म्हणाल्या.

कोणी हात वर केला नाही. मला रागच आला. सगळे करतात आणि सगळे खाली बघतात! मी उभा राहिलो. "मी करतो. पण दर माणसाला सुई बदलतो. उकळलेली. त्यात काय चूक आहे, सिस्टर?"

"काय पण चूक नाय म्हणता? या डॉक्टर, वर या. तुम्हीच करा."

मी गेलो. त्यांनी मला सिरिंजमध्ये थोडी निळी शाई ओढायला लावली. मग ती दौतीत परत सोडायला लावली. सुई काढा म्हणाल्या, काढली. नवी लावा म्हणाल्या, लावली.

"झाली ना बदलून सुई? आता या ग्लासातलं साधं पाणी ओढा आणि त्या दुसऱ्या ग्लासात सोडा."

मी दट्ट्या दाबला. स्वच्छ पाण्यात निळा धूर उतरला आणि हळूहळू ग्लासभर पसरला.

"सुई काढताना ती आतलं थोडं सिरिंजमध्ये ओढते," सिस्टर म्हणाल्या. "शाईच्या जागी रक्त धरा. डोळ्याला दिसणार पण नाय इतकं. कावीळ द्यायला तेवढं बस आहे. पाण्यातनं येते ती कावीळ वेगळी. ती घरात सगळ्यांना धरते, अख्ख्या आळीला धरते. ही सुईची कावीळ घरातल्या एकालाच धरते. दोन-तीन महिन्यांनी. तोवर डॉक्टर पण विसरलेला असतो आणि पेशंट पण."

लोक टाळ्या वाजवत होते. मी सिरिंज हातात धरून तसाच उभा. कारण मला आठवलं होतं.

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. बौद्धवाडीतली जयंती आणि लगोलग गावची यात्रा. मुंबई-ठाण्याची सगळी माणसं घरी आलेली आणि गावभर तापाची साथ. माझ्या दवाखान्याबाहेर रांग पार पिंपळापर्यंत गेली होती. बबन कंपाउंडर सिरिंज भरून देतोय, मी टोचतोय, सुई बदलतोय, टोचतोय. सकाळी उकळलेल्या चार सिरिंजा, दुपारपर्यंत. मग पावसाळ्यात कावीळ आली. चौघं. मी ग्रामपंचायतीला खरमरीत पत्र लिहिलं, विहिरीत ब्लिचिंग पावडर टाका म्हणून. पण ते चौघं चार वाड्यांतले होते. गावातले तिघं तीन वेगळ्या विहिरींचं पाणी पिणारे. घरात दुसऱ्या कोणालाही झाली नव्हती. हे मला तेव्हाच दिसत होतं हो! दिसत होतं, आणि मी त्याच्याकडे बघितलं नाही. तिघं बरे झाले. चौथा भीमराव. तो तर पाणीही कोलशेतचं पीत होता.

"डॉक्टर, बसा तुम्ही. घाम आलाय तुम्हाला," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातातून सिरिंज काढून घेतली.

आइस्क्रीम मी खाल्लं नाही. सुधाकरच्या घरी कोपऱ्यात तांदळाची पिशवी होती. तिच्याकडे बघवेना. सुधाकरला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझीच सुई होती, हे सिद्ध नाही होत. ठाण्यात दात काढला असेल, दाढी केली असेल कुठे. पिशवी दे आणि ये निघून. त्या बाईला सांगून तिचा नवरा परत येणार आहे का?"

मला ते पटलं. रात्रभर पटत राहिलं.

रविवार, कोलशेत

ठाण्यापर्यंतच्या गाडीबद्दल लिहीत नाही, त्यावर पुष्कळांनी लिहून ठेवलंय. ठाण्याहून बस घोडबंदर रोडला लागली आणि मी खिडकीतून बघतच राहिलो. भाताच्या खाचरांतून सिमेंटचे खांब वर आलेले. दहा-दहा मजल्यांचे सांगाडे, खाली गुरं चरतायत. आमच्याकडे एक मजला चढवायचा तर माणसाची उमर जाते. कोलशेतला उतरलो तर एका बाजूला कारखान्यांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि हवेत रसायनांचा आणि सुक्या जवळ्याचा एकत्र वास.

सुलाबाईंची चाळ कोळीवाड्याला लागून होती. खोली एकच, पण लख्ख. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या खाली भीमरावांचा फोटो. मुलगी विशाखा शिकवणीला गेलेली. सुलाबाई मला बघून आधी घाबरल्या. "आई बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. हा तांदूळ दिलाय त्यांनी."

त्यांनी पिशवीचं तोंड सोडलं, मूठभर तांदूळ नाकाशी नेला आणि हसल्या. "घरचाच आहे." मग शेजारी हाक मारली, "मावशी, आमचे गावचे डॉक्टर आलेत!"

शेजारच्या कोळीणमावशी पातेलं घेऊनच आल्या. "बस नं रं डाक्टर. कवा आयलास? निवट्या खातंस का?"

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात टुणटुणा उड्या मारणारा, डोळे बाहेर आलेला मासा. मी दारातून येताना जिवंत बघितला होता आणि बेडूक समजलो होतो. आपल्याकडे मासळी म्हणजे आठवडी बाजारातलं सुकट. पण कालवण अप्रतिम होतं, असं वासावरून म्हणतो. कारण मावशी गेल्या, सुलाबाईंनी ताट वाढलं, आणि घास माझ्या हातातच राहिला. समोर भीमरावांचा फोटो होता. सुधाकरचं ते शहाणपण माझ्या घशाखाली उतरेना.

मी ताट बाजूला सारलं आणि सांगून टाकलं. शाईचं सांगितलं. रांगेचं सांगितलं. विहिरींचं सांगितलं. "नक्की माझ्याच सुईने झालं असं मला सांगता येत नाही. पण झालं असेल, असं मला वाटतं. आणि ते मला दोन वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं, सुलाबाई."

त्या ऐकत होत्या. बाहेर मावशी कोणावर तरी ओरडत होत्या.

"दवाखान्यात तीन आठवडे होते ते," शेवटी त्या म्हणाल्या. "रोज म्हणायचे, गावच्या डॉक्टरांना कळव, ते आले की मी बरा होईन. मी कार्ड पण टाकलं होतं तुम्हाला."

कार्ड आलं होतं. मी उत्तरात लिहिलं होतं, पाणी उकळून प्या.

"मी तुमच्यावर चिडू का काय करू, सांगा ना," त्या म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज चढला. "दोन वर्षं मी कारखान्याला शिव्या दिल्या. नळाला दिल्या. इथलं पाणी वाईट म्हणून पोरीला शेजारी पाणी पिऊ देत नाही मी! आणि तुम्ही तिथे बसून रोज टोचताय?"

मी मान खाली घातली.

मग त्या एकदम थांबल्या. हात दंडाकडे गेला. "डॉक्टरसाहेब, त्या दिवशी मी पण होते रांगेत. यांच्या पुढे. मला पण टोचलंत तुम्ही."

अहो, मी शनिवारी दुपारपासून मेलेल्या माणसाचा विचार करत होतो! ती रांग पिंपळापर्यंत होती, त्यातली बाकीची माणसं जिवंत आहेत, जेवतायत, झोपतायत, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मला काही झालं नाही तेव्हा. म्हणजे मी सुटले ना?" त्यांनी विचारलं.

"असं सांगता येत नाही. कधी काही न होता रक्तात राहते. तपासावं लागेल."

"विशाखा नव्हती. ती आजीपाशी घरी होती." हे त्यांनी मला नाही, स्वतःलाच सांगितलं. मग पदर खोचून उभ्या राहिल्या. "उद्या सकाळी चला. तुम्ही बरोबर यायचं. आणि आईंना मी काही सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं. तुम्ही राहता त्यांच्या गावात."

सोमवार, ठाणे

सकाळी स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये आम्ही गेलो. रक्त घ्यायला आलेल्या माणसाला सुलाबाई म्हणाल्या, "पाकीट माझ्यासमोर फोडा." शुक्रवारी मी याच वाक्यावर चिडलो होतो. त्यांचा रिपोर्ट काय आला ते मला कळलं आहे, पण तो त्यांचा आहे, इथे लिहिणार नाही.

मग फॉर्म द्यायला गेलो. खिडकीतल्या क्लार्कने दाखला बघितला, टाचणी मारली, शिक्का मारला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं की. आता काही चिंता नाही."

वर्गात काय शिकलात, हे विचारायला तिथे कोणीच नव्हतं. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. मग समोरच्या औषधाच्या दुकानात गेलो आणि खिशात होते तेवढ्या पैशांच्या पाकिटबंद सिरिंजा घेतल्या. औषध कंपनीच्या बॅगेचा तेवढा एक उपयोग झाला.

परत

घाट चढून गावात उतरलो आणि आधी बौद्धवाडीत गेलो, घरी नंतर. रखमाआजीशी काय बोललो, ती काय बोलली, ते लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो, की तिने मला बस म्हटलं नाही.

दवाखान्यात बबनने ट्रे मांडून ठेवला होता. उकळलेल्या चार सिरिंजा, स्वच्छ फडक्यावर ओळीने. अठरा वर्षं हा ट्रे बघून मला बरं वाटायचं. मी तो उचलून माळ्यावर टाकला. बबन हबकला. मग त्याला बसवलं आणि त्या दिवशी रांगेत कोण कोण होतं, ते आम्ही आठवून कागदावर उतरवायला लागलो. बबनची आठवण दांडगी. पहिलं नाव सुलाबाईंचं मीच लिहिलं. मग तुकाराम, मग सुताराची सून, मग शाळेतले गुरुजी. दोन पानं झाली. प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगायचं होतं, आणि ते अजून चालू आहे.

"आणि वहिनी," बबन म्हणाला.

"कोण वहिनी?"

"आपल्या वहिनी हो. त्या दिवशी त्यांनाही ताप होता की. रांगेच्या मधेच आल्या होत्या, स्वयंपाक खोळंबलाय म्हणून."

घरात गेलो. मालती तांदूळ निवडत होती. "आलात? मिळाला का दाखला?" तिने वर न बघता विचारलं.

रक्त घ्यायला मी बॅगेतून सिरिंजचं पाकीट काढलं. "मालती, हात पुढे कर जरा."

तिने सूप बाजूला ठेवलं, बाही वर सरकवली आणि तोंड फिरवून बसली. एक शब्द नाही. सवयीने. माझ्या हातातलं पाकीट फुटेना.

"अगं, विचार ना!" मी ओरडलोच. "विचार, कशासाठी म्हणून!"